तपासणीच्या यादीमागचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितलं, "तुम्ही इंजिनिअर आहात, आपल्या इमारतीबद्दल काहीतरी लिहा." गणेशोत्सव, क्रिकेट सामने, पहिल्या कमिटीच्या आठवणी हे सगळं इतर मंडळी लिहिणारच आहेत. मी ठरवलं, इमारतीबद्दलच लिहावं. म्हणजे सिमेंट, सळई, पाणी आणि माणसं यांच्याबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण वाचून बघा. मागच्या सर्वसाधारण सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय तिसऱ्यांदा पुढे ढकलला गेला, त्याच्याशी या लेखाचा थेट संबंध आहे.

ऑडिट करणारा इंजिनिअर घरी येतो तेव्हा त्याच्या हातात एक छापील यादी असते. छतावर ओल आहे का? पिलरला उभी भेग आहे का? भिंत पाडली आहे का? गच्चीवर जादा वजन आहे का? बाथरूमला खिडकी आहे का? आपल्याला वाटतं, हा सरकारी फॉर्म, भरायचा म्हणून भरायचा. पण त्यातल्या बहुतेक प्रश्नांमागे कुठली तरी पडलेली इमारत किंवा कुठली तरी साथ आहे. आधी माणसं गेली, मग नियम आला. हा इतिहास कळला की यादीकडे बघण्याची नजर बदलते.

उजेड आणि वारा

आपल्याकडे घरतपासणीचा पहिला मोठा अध्याय प्लेगच्या काळातला. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. मूळ गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. तेव्हाच्या चाळींत खोल्या एकीला एक लागून, मधल्या खोल्यांना खिडकीच नाही, दोन चाळींमधली गल्ली म्हणजे मैल्याची मोरी. तपासनीस घरोघर फिरू लागले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी आद्याक्षरं रंगवली जायची, यू.एच.एच. सूर्यप्रकाश आत यावा म्हणून काही ठिकाणी छपराची कौलंही काढली गेली.

1898 साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याने एक साधा नियम लावला. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारा उजेड साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेत आपल्या तळमजल्याच्या खिडकीपर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणजे दोन इमारतींच्या मधलं अंतर उंचीच्या निम्म्याच्या आसपास हवं. आज आपण ज्याला 'मार्जिन' किंवा 'ओपन स्पेस' म्हणतो त्याची आजी म्हणजे हा नियम. आपल्या दोन विंगमधली मोकळी जागा 'वाया' गेलेली नाही, हे तिथे शेड टाकण्याची सूचना करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

पण या अध्यायाची दुसरी बाजूही आहे. 1897 साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत घुसल्या. देवघर, माजघर, बाळंतिणीची खोली, काही सोडलं नाही. तो संताप इतका साचला की 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तपासणी म्हटलं की आपल्याला ती सरकारची, परक्याची, अपमानाची वाटते, याचं एक मूळ तिथेही असावं. घर तपासणं चूक नव्हतं. घरातल्या माणसाला न विचारता, न सांगता ते केलं, ही चूक होती. म्हणूनच आपली तपासणी आपणच, आपल्या ठरावाने आणि आपल्यासमोर करून घ्यायला हवी.

लाकूड, पाणी आणि गोठलेलं भाडं

मुंबईच्या जुन्या चाळी म्हणजे विटांच्या भिंती आणि सागवानी लाकडाचा सांगाडा. सागवान शंभर वर्षं टिकतं, पण कोरडं राहिलं तर. चाळीतला कमकुवत भाग बहुतेक वेळा एकच असायचा, मागच्या बाजूचा संडास-मोऱ्यांचा पट्टा. तिथे तुळईचं टोक भिंतीत रुतलेलं असतं, भिंत कायम ओली असते, आणि लाकूड आतून कुजत जातं. बाहेरून रंग दिलेला असल्यामुळे काही दिसत नाही. मग एका जुलैत मागची बाजू खाली येते.

दुरुस्ती का झाली नाही? त्याचं कारण कायद्यात आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांचं भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकलं. महागाईत भाडेकरू वाचला, हे खरंच. पण मालकाला त्या भाड्यात गिलावासुद्धा परवडेना. भाडेकरू म्हणे, घर मालकाचं, त्याने दुरुस्त करावं. मालक म्हणे, राहतात ते, त्यांनी करावं. दोघांच्या भांडणात तुळई कुजत राहिली.

शेवटी 1969 साली मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींवर उपकर लावायचा आणि त्यातून दुरुस्ती करायची, अशी ती योजना. शहर भागातल्या 19,642 इमारती या योजनेत आल्या. 1940 पूर्वीच्या 'अ' वर्गात, 1950 पर्यंतच्या 'ब' वर्गात आणि सप्टेंबर 1969 पर्यंतच्या 'क' वर्गात. पुढे हे काम म्हाडाकडे आलं. आजही पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. ती बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो.

आपण तर मालकीच्या फ्लॅटवाले! आपला या भाडेकरू-मालक भांडणाशी काय संबंध? संबंध आहे. आपल्याकडे तेच भांडण वरचा फ्लॅट आणि खालचा फ्लॅट असं चालतं. खालच्या वहिनी म्हणतात, वरच्यांचं बाथरूम गळतं. वरचे काका म्हणतात, सोसायटीचा पाइप फुटलाय. कमिटी म्हणते, तुमचं तुम्ही बघा. खरं तर आदर्श उपविधींत याचं उत्तर आहे. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपलाइन ही सोसायटीची जबाबदारी. घराच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती ही त्या सभासदाची. वादाला जागा फार थोडी आहे. पण वाद संपेपर्यंत पाणी थांबत नाही, आणि मधल्या स्लॅबला ते कोणाचं आहे याच्याशी कर्तव्य नसतं.

'आरसीसी म्हणजे कायमचं'

चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या पिढीचा आरसीसीवर गाढ विश्वास होता. लाकूड नाही, वाळवी नाही, कुजायचं नाव नाही. पण आरसीसीच्या पोटात लोखंड आहे आणि लोखंडाला गंज आहे. काँक्रीट ताजं असताना त्यातला क्षार सळईला गंजू देत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, क्षार कमी होतो, आणि तो थर सळईपर्यंत पोहोचला की ओलीबरोबर गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या कित्येक पट जागा मागतं आणि काँक्रीटला आतून फोडतं. छताचे पोपडे पडतात, पिलरला सळईच्या रेषेत उभी भेग जाते. त्या भेगेत पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे ताप आलेल्याला पावडर लावून लग्नाला नेण्यासारखं आहे.

सळईच्या बाहेर काँक्रीटचा जो थर असतो त्याला साइटवर 'कव्हर' म्हणतात. त्यावर सगळा खेळ आहे. आपल्या देशाचं काँक्रीटचं मुख्य मानक, आयएस 456, 1978 च्या आवृत्तीत स्लॅबला 15 मिलिमीटर कव्हर चालवून घ्यायचं आणि आरसीसीला एम-15 काँक्रीट पुरेसं मानायचं. 2000 सालच्या आवृत्तीत किमान एम-20 आलं, आणि कव्हर हवेनुसार ठरू लागलं. सौम्य हवेत 20, मध्यम हवेत 30, तीव्र हवेत 45 मिलिमीटर. समुद्राकाठची आणि दमट हवा सळईला काय करते हे मधल्या वीस वर्षांत सगळ्यांनी पाहिलं होतं.

ती वर्षं आणखी एका कारणाने वाईट होती. सिमेंट नियंत्रित दराने, परवान्यावर मिळायचं. 1982 मध्ये हे नियंत्रण अंशतः उठलं, पूर्ण उठलं ते 1989 मध्ये. टंचाईच्या काळात सिमेंटमध्ये काटकसर झाली नाही असं कोण म्हणेल? त्याच काळात पीळ दिलेल्या सळया, ज्यांना आपण टॉरस्टील म्हणायचो, सर्रास वापरात होत्या. साध्या गोल सळईपेक्षा त्यांची ताकद जास्त, पण दमट हवेत त्यांना गंजही लवकर चढायचा. मुंबई-ठाण्यातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अनेक इमारती तिशीतच म्हाताऱ्या दिसू लागल्या, त्यामागे ही सगळी कारणं एकत्र आहेत.

आपली सोसायटी नोंदली गेली 2000 साली. म्हणजे आराखडे त्याआधीचे, जुन्या मानकाचे. याचा अर्थ इमारत वाईट आहे असा नाही. आपल्या कॉन्ट्रॅक्टरने काम नीटच केलं असेल. पण आपल्या स्लॅबचं कव्हर किती, हे अंदाजाने सांगता येत नाही, मोजावं लागतं. त्याला कव्हर मीटर नावाचं साधं यंत्र आहे.

डोक्यावर वजन, पायाखाली पोकळी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली. बहुतेक झोपेत, आपल्याच घराच्या दगडांखाली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून माळवदावर मातीचा नवा थर द्यायची रीत. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले आणि काही घरांत छताची माती दीड-दोन फुटांवर गेली. गळती थांबवण्यासाठी केलेला उपायच शेवटी अंगावर आला.

आता आपल्या गच्चीकडे या. पहिल्यांदा गळलं तेव्हा जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला. पुन्हा गळलं की पुन्हा कोणीतरी म्हणेल, "अजून एक थर टाकून घ्या, तोडायचा खर्च वाचेल." हिशोब करून बघा. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा म्हणजे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो. शंभर चौरस मीटर गच्चीवर वीस टन. त्यावर पाच हजार लिटरची जादा टाकी म्हणजे आणखी पाच टन, आणि मातीने भरलेल्या कुंड्या वेगळ्या. हे माळवदच झालं. वॉटरप्रूफिंग करायचं तर जुना थर काढून करायचं, हा नियम त्यासाठीच आहे.

किल्लारीनंतर सात वर्षांनी, 26 जानेवारी 2001 ला भुजचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत आपल्यासारख्याच बहुमजली फ्लॅटच्या इमारती कोसळल्या. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडली. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसत्या पिलरांवर उभं असलेलं मोकळं पार्किंग. हादरा बसला की वरचा भाग एका पेटीसारखा हलतो आणि सगळा मार खालच्या पिलरांना बसतो. गच्चीवरच्या मोठ्या टाक्यांनी त्यात भर घातली. 2002 साली भूकंपाचं मानक, आयएस 1893, सुधारलं गेलं आणि मोकळ्या तळमजल्याचे पिलर आणि बीम अडीच पट बलासाठी डिझाइन करावेत असं त्यात आलं.

आपली इमारत स्टिल्टवर आहे आणि ती 2002 च्या आधीची आहे. घाबरण्यासारखं नाही, पण विसरण्यासारखंही नाही. स्टिल्टमधल्या पिलरांना गाडीचा धक्का लागून कोपरे उडाले आहेत, काहींच्या तळाशी गाड्या धुण्याचं पाणी मुरतं. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या भेगेपेक्षा या पिलरांची अवस्था कितीतरी जास्त महत्त्वाची आहे, आणि ते पिलर कोणाच्याच घरात नसल्यामुळे कोणीच त्यांच्याकडे बघत नाही.

एक हातोडा

18 जुलै 2007 ला बोरिवलीची सात मजली लक्ष्मी छाया इमारत पडली. सुमारे तीस माणसं गेली. तळमजल्यावरच्या दुकानाच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप तपासात पुढे आला. दहा वर्षांनी, 25 जुलै 2017 ला, घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली. 17 माणसं गेली. तिथेही तळमजल्यावर बदलकाम सुरू होतं. मध्ये 27 सप्टेंबर 2013 ला माझगावजवळ डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, 61 जणांचा बळी गेला. ती तर महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची वसाहत, वय जेमतेम तिशी ओलांडलेलं. तिच्याही तळमजल्यावरच्या गोदामातले बदल चौकशीत आले.

तिन्ही पावसाळ्यातल्या घटना, आणि तिन्ही ठिकाणी बोट तळमजल्याकडे गेलं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खाली काय चाललंय हे माहीत नसतं, किंवा हातोड्याचा आवाज येत असतो आणि "त्यांचं दुकान, ते बघतील" म्हणून आपण गप्प बसतो. खांब मात्र कोणा एकाचा नसतो. तो सगळ्यांचं ओझं खाली नेत असतो.

आपल्याकडे तळमजल्यावर दुकानं नाहीत, पण हातोडे आहेतच. हॉल मोठा करायला मधली भिंत काढणं, फ्लॉवर बेड आत घेऊन त्यावर वॉशिंग मशीन ठेवणं, एसीचा पाइप न्यायला बीमला भोक पाडणं, जुन्या लादीवर नवी लादी बसवणं. यातलं प्रत्येक काम करणारा मिस्त्री हमखास म्हणतो, "काही होत नाही साहेब, सगळीकडे असंच करतात." त्याचं म्हणणं एका अर्थी खरं आहे. सगळीकडे असंच करतात. साडेचार इंची विटांची भिंत बहुधा भार घेत नाही, पण ती बहुधा कुठली आणि नक्की कुठली हे नकाशा बघून इंजिनिअरने सांगायचं असतं, मिस्त्रीने नाही. फ्लॉवर बेड हा बाहेर लटकणारा भाग असतो, तो कुंड्यांसाठी केलेला आहे, खोलीसाठी नाही.

नवं म्हणजे सुरक्षित नाही

कोणाला वाटेल, ही सगळी जुन्या इमारतींची रड आहे. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ शिळ भागातली लकी कंपाउंडची इमारत पडली तेव्हा तिचं बांधकाम संपलंही नव्हतं. खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहत होती, वर मजले चढत होते, परवानगी नव्हती. 74 माणसं गेली. आपल्यापासून ते फार लांब नाही. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, 16 जण गेले. तिला दहा वर्षंही झाली नव्हती.

म्हणून आपली मुलं नवीन फ्लॅट घेत असतील तर त्यांना सांगा, मार्बल आणि मॉड्युलर किचन बघण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र बघा. आपल्या वेळी 1963 च्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांत दोष दाखवला तर बिल्डरला तो दुरुस्त करावा लागे. 2016 च्या रेरा कायद्याने ती मुदत पाच वर्षं केली. पण दोष लेखी दाखवावा लागतो. ताब्याच्या दिवशी आपण पेढे वाटतो, सेल्फी काढतो. त्याच दिवशी बाथरूममध्ये पाणी साठवून चोवीस तास ठेवावं, सगळे नळ आणि प्लग चालवून बघावेत, दोषांची यादी करून पोच घ्यावी.

भिंतीआडचे धोके

इमारत न पडताही घर जीव घेऊ शकतं. आपलं वायरिंग झालं तेव्हा घरात एक फ्रिज, एक टीव्ही आणि चार पंखे असं गणित होतं. आता तीन एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि खाली इलेक्ट्रिक स्कूटर आहे. वायर तीच, फक्त एमसीबी मोठ्या आकड्याचा लावला, असं तपासणीत वारंवार आढळतं. एमसीबी मोठा केला की तो पडायचा थांबतो, वायर तापायची थांबत नाही. शॉकपासून वाचवणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मेन स्विचजवळ आहे का, आणि त्याचं 'टेस्ट' बटण दाबल्यावर तो खरंच पडतो का, एवढं आजच बघा.

दुसरं, गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. खिडकी उघडी नसेल तिथे गॅस गिझर नको, इतकं साधं आहे. डक्टवर काच लावून ती जागा बंद करणाऱ्यांनी प्लेगच्या चाळीतली बिनखिडकीची खोली आठवावी.

तिसरं, आग. 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचं असतं. पण कागदावर सही असून जिन्यात सायकली, मीटर रूममध्ये रद्दी आणि खिडक्यांना न उघडणारी ग्रिल असतील तर त्या कागदाचा उपयोग काय? ग्रिल चोराला आत येऊ देत नाही, तशी आपल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. एका तरी ग्रिलला उघडणारा झडप ठेवा.

आता आपलं

कायदा सांगतो, 30 वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम 353 ब, इतर महापालिकांत 265 अ. पुढे दर दहा वर्षांनी. पण आदर्श उपविधी त्याहून जागरूक आहेत. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा. त्या हिशोबाने पंचविसाव्या वर्षी आपण थकबाकीदार आहोत.

ऑडिटमध्ये काय होतं? रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा पृष्ठभाग तपासतात, अल्ट्रासोनिक लहरींनी आतल्या पोकळ्या कळतात, हाफ-सेल चाचणीने सळईला गंज लागतोय का याचा अंदाज येतो. एक चाचणी तर मुलांनाही दाखवण्यासारखी आहे. काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर फिनॉल्फथॅलिन शिंपडतात. गुलाबी झालं तर सळईचं कवच शाबूत. रंग आला नाही तर तिथपर्यंत हवा शिरली. शेवटी इमारतीला वर्ग मिळतो. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करा, सी-2 चे दोन प्रकार म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सभेत काहींनी भीती व्यक्त केली, "ऑडिट केलं आणि सी-1 आलं तर?" ही भीती मी समजू शकतो. घराचा प्रश्न आहे, आयुष्यभराची कमाई आहे. पण रक्त तपासलं नाही म्हणून साखर कमी होत नाही. आणि आपल्या वयाच्या, बरी देखभाल असलेल्या इमारतीला वेळेत तपासलं तर बहुधा दुरुस्तीवर भागतं. उशीर झाला की मग पर्याय कमी होतात.

पैशांचं म्हणाल तर त्याचीही सोय उपविधींत आहे. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी. ही वर्गणी वाढवा म्हटलं की सभेत आवाज चढतात. भाड्याच्या चाळींचं काय झालं ते वर सांगितलंच. तिथे कायद्याने पैसा थांबवला होता, इथे आपण स्वतः थांबवतोय.

कमिटीला माझी चार कामं सुचवावीशी वाटतात. एक, बिल्डरकडून आणि महापालिकेकडून मंजूर नकाशे आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळवून ऑफिसच्या कपाटात आणि स्कॅन करून, असे दोन्हीकडे ठेवा. दोन, कुठल्याही घरात तोडफोड सुरू होण्याआधी लेखी अर्ज आणि आपल्या इंजिनिअरची पाहणी, मग तो सभासद अध्यक्ष असला तरी. तीन, दर मे महिन्यात गच्ची, स्टिल्टमधले पिलर, डक्ट आणि पाण्याच्या टाक्या यांची फेरी, फोटोसह नोंदवहीत. चार, ऑडिटचा ठराव येत्या सभेत मंजूर.

या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत मुलं मोठी झाली, लग्नं झाली, नातवंडं आली. काही आजी-आजोबा आपल्याला सोडून गेले. या सगळ्याचा भार कुरकुर न करता या पिलरांनी उचलला. वर सांगितलेल्या प्रत्येक इमारतीतही अशीच माणसं होती, अशीच घरं होती, आणि बहुतेक ठिकाणी कोणाला तरी भेग आधी दिसलेली असणार. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका याच इमारतीत निघावी आणि त्यात आज पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी लिहावं, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी येत्या सभेला या, आणि हात वर करा.